खारं पाणी कुणाच्या वाट्याला

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलं की गांधीग्रामला पूर्णा आडवी येते. श्रावणात इथं कावडधारी तरुणांची रीघ लागते. भरण्यांत पूर्णेचं पाणी घ्यायचं, कावड खांद्यावर टाकायची आणि अनवाणी पायांनी अकोल्याचा राजराजेश्वर गाठायचा, ही इथली जुनी रीत. याच नदीच्या दोन्ही अंगांच्या काळ्याभोर वावरांत विहीर खणली, तर लागलेलं पाणी तोंडात धरवत नाही. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते आणि तुरीची डाळ त्यात कितीही उकळली तरी शिजत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली जवळपास हजार गावं क्षारबाधित म्हणून धरलेली आहेत.

अमरावतीत भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेनं आपल्या संशोधनासाठी हाच पट्टा निवडला. त्यांचं माहेर दर्यापूरकडचं. पाहुणा आला की त्याच्यापुढे ठेवायचा गोड्या पाण्याचा तांब्या वेगळा आणि हातपाय धुवायची बादली वेगळी, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पुढे उपग्रहाची चित्रं आणि नकाशे हा अभ्यासाचा विषय झाला, तेव्हा त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. जमिनीखालचं मीठ सगळ्या गावासाठी सारखंच असतं. मग ते पिण्याची पाळी कुणावर येते?

मीठ कुठून आलं, याचं उत्तर भूशास्त्राकडे आहे. पूर्णा बैतुल जिल्ह्यात भैसदेहीजवळ उगम पावते, वऱ्हाडातून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवला तापीला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा भ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि नद्यांनी तो खड्डा गाळानं भरत आणला. काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरांहून खोल आहे. परातीसारख्या या सपाट खोऱ्यातून पाणी सहज वाहून जात नाही, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीचा अनेक वर्षं अभ्यास केला. कोरड्या हवामानात मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात अडकून बसतं, सोडियमचा वाटा वाढतो, चिकणमाती फुगते आणि पाणी मुरायचं थांबतं, असं त्यांनी दाखवलं. ही सगळी निसर्गाची करणी. प्राध्यापिकेचं काम याच्या पुढून सुरू होतं.

त्यांच्या संगणकावर खारपाणपट्टा थरांनी रचलेला आहे. तळाशी उंचसखलपणा, त्यावर माती, त्यावर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे ठिपके, मग २०११ च्या जनगणनेतली गावनिहाय लोकसंख्या, त्यातलं अनुसूचित जाती-जमातींचं प्रमाण, पाणीपुरवठा योजनांच्या वाहिन्या, जलकुंभ आणि रस्ते. हे थर एकावर एक ठेवले की एखादा प्रश्न समोर येतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा गावात जाऊनच शोधावं लागतं.

पहिली अडचण ठिपक्यांची. निरीक्षण विहिरी विरळ असतात, मधल्या जागेचं पाणी कसं असेल याचा अंदाज गणितानं बांधावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम करणारे अभियंते डॅनी क्रिगे यांच्या नावानं ओळखली जाणारी ‘क्रिगिंग’ ही पद्धत त्यासाठी जगभर वापरतात. तिच्यातून निघणारा नकाशा दिसायला देखणा असतो, पिवळ्यातून तांबड्यात हळूच सरकणारा. पण दर्यापूर तालुक्यात नाल्याकाठच्या एका उथळ विहिरीचं पाणी गोडसर निघतं आणि हाकेच्या अंतरावरच्या खोल बोअरचं पाणी जिभेला झोंबतं. म्हणून त्यांचे विद्यार्थी हातात टीडीएस मीटर घेऊन हिंडतात. पेनाएवढं हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरं पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत.

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात, वस्तीच्या अगदी टोकाला, हापशाच्या पाण्यात त्यांनी हे यंत्र धरलं तेव्हा आकडा दोन हजार ओलांडूनही वर चढत होता. भोवती बायका जमल्या. त्यातली एक म्हणाली, “मॅडम, हे पानी पेलं का पोट भरते, तहान नाही जात.” तिनं घरात नेऊन पातेलं दाखवलं. तळाला आणि कडेला पांढरा थर बसलेला, नखानं खरवडला तर पापुद्रे निघत होते. डाळीसाठी आणि चहासाठी नळाचं पाणी ठेवायचं, बाकी सगळं हापशावर, असा तिचा हिशेब होता. नळ दारात होता, पण पाणी यायला आठ-दहा दिवस लागायचे.

त्याच गावात, त्याच वाहिनीवर, रस्त्याकडेच्या घरांत मात्र कुणी खाऱ्या पाण्याचं नावही काढलं नाही. त्या घरांच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी होती. नळ आला की टिल्लू पंप लावायचा, टाकी भरून घ्यायची आणि पुढचा नळ येईपर्यंत निवांत वापरायची. टोकाच्या वस्तीत घरटी दोन ड्रम. तेही धारेला जोर नसल्यानं पुरते भरत नाहीत. वाहिनी एक, दिवस एक, योजनाही एकच. फरक पडत होता साठवणीचा आणि दाबाचा. टाकी बांधायला पैसा लागतो, जागाही लागते. दोन खोल्यांच्या घरापुढे टाकी कुठं बांधणार? आणि घर गावाच्या टोकाला का आहे, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी जातीच्या इतिहासात सापडतं.

हा इतिहास अमरावतीला अनोळखी नाही. १९२८ ते १९३० या काळात डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. विहिरीवरचा मज्जाव संपला, तरी गावठाणाचा आराखडा तोच राहिला. नंतर आलेली नळयोजना त्याच आराखड्यावर अंथरली गेली; जलकुंभ मध्यात, मुख्य वाहिनी मोठ्या रस्त्यानं आणि शेवटची जोडणी पूर्वीच्या वेशीबाहेरच्या वस्तीला. आज कुणी कुणाला पाणी भरू नको म्हणत नाही. तरीही शेवटच्या नळाला हवा येते.

जलजीवन मिशन ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट. हे काम मोठं आहे आणि गरजेचं आहे, असं प्राध्यापिका ठामपणे सांगतात. त्यांचा आग्रह मोजणीबद्दल आहे. घरात नळ आहे का, हा रकाना गावाचं चित्र पुरतं दाखवत नाही. म्हणून त्यांनी आपली वही वेगळी आखली. वस्तीचं नाव, जलकुंभापासूनचं अंतर, नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो, घरात किती लिटर साठतं आणि मधल्या दिवसांत पाणी कुठून आणतात. शेवटचा रकाना भरताना लोक सगळ्यांत जास्त बोलतात. कुणी शेजारच्या गावच्या आरओ केंद्रातून जार आणतं, कुणी सोयरिकीतल्या मळ्यावर जातं, कुणी गपचूप हापसा हापसतं.

मोजणीचं एकक बदललं की चित्र कसं उलटतं, हे अकोट तालुक्यात फार स्पष्ट दिसतं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा गाळ आहे. डोंगरावरचं पाणी तिथं झपाट्यानं मुरतं आणि विहिरी गोड्या लागतात. केळी आणि संत्र्याच्या बागा तिथंच. दक्षिणेकडे पूर्णेच्या रोखानं गेलं की बागा संपतात. पावसावरचा कापूस, तूर आणि जमिनीतल्या ओलीवर येणारा हरभरा सुरू होतो. या तालुक्याची सरासरी काढली तर ती ना उत्तरेची, ना दक्षिणेची. ब्रिटिश भूगोलज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी १९८४ मध्ये या अडचणीवर पुस्तिका लिहिली. सीमा बदलल्या की निष्कर्ष बदलतात, हा तिचा गाभा. वऱ्हाडात हे तालुक्याला लागू पडतं तसं गावालाही. गावाची सरासरी टाकीवाल्या घराला आणि ड्रमवाल्या घराला एकाच आकड्यात बसवते.

अमेरिकेत या प्रकारच्या अभ्यासाला चालना मिळाली ती एका आंदोलनातून. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत, कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी असलेल्या भागात, विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आडवे झाले. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेच्या अहवालानं देशभरातल्या घातक कचऱ्याच्या जागा आणि लोकवस्ती ताडून पाहिली. उत्पन्नापेक्षाही वंशाचा संबंध अधिक ठळक निघाला. प्राध्यापिका हा अहवाल वर्गात शिकवतात आणि लगेच फरकही सांगतात. तिथं धोका माणसानं आणून टाकला होता. इथं धोका आधीपासून जमिनीत आहे, आणि त्यातून सुटायची वाट कुणाला मिळते हे माणसं ठरवतात.

वाट म्हणजे इथं धरण. पायथ्याच्या धरणांतून पट्ट्याला पाणी येतं. अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना वारी हनुमानच्या वान प्रकल्पावर आहे. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांच्या योजनेसाठी याच धरणाचं पाणी राखून ठेवायचं ठरलं, तेव्हा तेल्हाऱ्याकडचे शेतकरी सिंचनाच्या पाण्यासाठी उभे राहिले आणि योजनेला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले; नागपूरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. या वादात कुणाला खलनायक ठरवायची प्राध्यापिकांची तयारी नाही. त्यांनी लाभक्षेत्रातली वावरं आणि बाळापूरची गावं एकाच नकाशावर घेतली. दोन्हीकडच्या बैठकांत तोच नकाशा भिंतीवर लावला. समोरच्या गावातली माणसं काय पितात आणि आपल्या पिकाला किती पाणी लागतं, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर पाहायला मिळाले की बोलण्याचा सूर बदलतो, हा त्यांचा अनुभव.

सगळ्यांत अवघड थर मेळघाटातून उतरलेल्या गावांचा. मेळघाट हा १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यातल्या केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा अशा गावांचं पुनर्वसन अकोट परिसरात झालं. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित आदिवासी पुन्हा जंगलातल्या जुन्या गावाकडे गेले आणि वन कर्मचारी व पोलिसांशी त्यांची मोठी झटापट झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. नव्या जागी झालेले मृत्यू, आरोग्यसेवेची वानवा आणि न मिळालेली शेतजमीन ही त्यांची गाऱ्हाणी होती. यातली काही गावं २०११ नंतर हलली. म्हणजे जनगणनेच्या थरात ती अजून डोंगरावरच आहेत आणि ज्या मैदानात ही माणसं राहतात, तिथल्या हिशेबात नाहीत. एका कोरकू म्हाताऱ्याला प्राध्यापिकांनी जुन्या गावाचं उपग्रहचित्र दाखवलं. त्यानं बोटानं झरा कुठं होता, ते अचूक दाखवलं आणि मग विचारलं, “इथं लिवलं का, आम्ही आता कुठं हाओत?” त्या प्रश्नानंतर पुनर्वसित वस्त्या हाती मोजून नोंदवायचं काम त्यांनी इतर सगळ्या कामांच्या आधी घेतलं.

आजारांबद्दल बोलताना त्या सावध होतात. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. गावोगाव डायलिसिसचे रुग्ण भेटतात, घरंच्या घरं खचलेली दिसतात. खारं पाणी आणि आजार हे दोन थर एकमेकांवर बसले, तरी एकामुळे दुसरं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. उन्हातलं काम, वेदनाशामक गोळ्या, रक्तदाब, मधुमेह असे कितीतरी धागे त्यात गुंतलेले असतात. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. खारपाणपट्टाच तो, म्हणून पहिला संशय पाण्यावर गेला, नमुन्यांत नायट्रेट आणि क्षारही जास्त आढळले. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पाण्याचा नकाशा कितीही बारकाईनं काढला असता, तरी रेशनचं पोतं त्यात आलं नसतं. हे उदाहरण प्राध्यापिका प्रत्येक नव्या तुकडीला देतात.

उन्हाचंही असंच. २५ मे २०२४ रोजी, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, अकोला जिल्ह्यात उष्णतेपायी कलम १४४ लागू झालं. कामगारांना पाणी आणि पंखे द्यायचे, शिकवण्या भर दुपारी घ्यायच्या नाहीत, असे आदेश निघाले. लँडसॅट उपग्रह इथून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि जमिनीचं, छपराचं तापमान टिपतो. टिनाखालच्या खोलीत रात्री अकराला काय होतं, ते त्याला दिसत नाही. म्हणून अकोल्यातल्या काही वस्त्यांत त्यांनी घरांच्या आत छोटे तापमापक टांगले. कूलर लावायचा तर पाणी लागतं, आणि कूलरमध्ये खारं पाणी ओतलं की गवताच्या जाळ्या मिठानं भरून जातात. पाणी आणि ऊन हे दोन वेगळे विषय आहेत असं विद्यापीठाला वाटतं, त्या घरातल्या बाईला नाही.

नकाशा छापताना त्यांना सगळ्यांत जास्त विचार करावा लागतो. गावाला लाल रंग दिला की जमिनीचा भाव पडतो. खारपाणपट्ट्यात मुलगी द्यायला लोक आधीच नाखूष असतात. त्यात छापील पुरावा हाती लागायचा. दुसरीकडे, लाल रंग नसेल तर योजनेच्या यादीत नाव लागत नाही. त्यांनी यातून काढलेला मार्ग असा: घरांचे ठिपके बाहेर द्यायचे नाहीत, प्रकाशनासाठी वस्त्यांचे गट करायचे आणि गावाचा बारीक नकाशा फक्त त्या ग्रामसभेला द्यायचा. त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. काही गावांनी तो घेऊन पंचायत समिती गाठली. एका गावानं तो बासनात ठेवला, आणि त्यांनी त्या गावाचा निर्णय मानला.

केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेची अधिसूचना काढली. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे आणि या वेळी जातीची नोंदही होणार आहे. अकोल्यात २०११ मध्ये अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण पाचात एक होती. त्यानंतर किती वस्त्या वाढल्या, कोणत्या हलल्या, याचा हिशेब दीड दशकापासून जुनाच आहे. नवे आकडे येतील तेव्हा ते वस्तीपर्यंत जोडता यावेत, म्हणून विद्यार्थ्यांचे गट सध्या प्रत्येक वस्तीची जागा आणि लोकांच्या तोंडचं नाव नोंदवत आहेत.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका ग्रामसभेत ही वही वाचून दाखवली, तेव्हा मागे बसलेल्या एका आजीबाईनं मध्येच थांबवलं. “याच्यात पानी कोन भरते, थे बी लिहा ना बाप्पा,” ती म्हणाली. सरपंचांनी मान डोलावली, बायकांत कुजबुज झाली आणि मग एकेक जण उठून सांगू लागली: आपल्या घरी सून, आपल्या घरी शाळेतली पोरगी, आपल्या घरी मीच, गुडघे दुखत असले तरी. त्या संध्याकाळी वहीत दोन नवे रकाने आखले गेले, पाणी भरणारी व्यक्ती आणि तिचं वय. कापसाची वेचणी उरकली की याच रकान्यांसह दर्यापूरकडची फेरी सुरू होणार आहे.